वाऱ्याचं खातं

सोसायटीच्या जमाखर्चात एक पान माझ्या हातचं आहे.
डावीकडे महिना, उजवीकडे युनिट,
माथ्यावर लाल शाईत: पवनचक्की, गच्ची, बी विंग, ऐरोली.
पहिल्या मे महिन्यात एकशे अठरा.
तुंगारे साहेबांनी पेढे वाटले, म्हणाले,
जिन्यातले दिवे आता खाडी लावणार.

लावतही होती.
दुपारी दोनच्या सुमाराला निघायची कांदळवनावरून,
चिखलाचा नि मिठाचा वास पदरात घेऊन,
मधलं मैदान एका दमात ओलांडून
सातव्या मजल्यावर.
मी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचो.
निवृत्त माणसाला
दुसरं कोणी कामाला लागलेलं बघायला बरं वाटतं.

मग मैदानाला पत्रे लागले.
पत्र्यांमागून क्रेन, क्रेनखालून मजले.
त्यांच्या अकराव्या मजल्याला माझ्या पानावर सत्तर.
एकोणिसाव्याला एकतीस.
अठ्ठाविसाव्याला, काचा बसल्या त्या महिन्यात,
नऊ.
तुंगारे म्हणाले, बेअरिंगला तेल घाला.
घातलं.

मोजायला मिथिला राऊळ आली, पंचविशीची,
हातात तीन वाट्यांचं गरगरणारं यंत्र
आणि पिशवीत चिंध्या,
आईची केशरी ओढणी फाडून आणलेल्या.
कठड्याला एक बांधली, टाकीला एक,
चक्कीच्या खांबावर चार, हात-हात अंतरानं.
काका, आता बोलू नका. बघा.

वरची चिंधी क्षणभर पारसिकच्या डोंगराकडे,
क्षणभर खाली, क्षणभर कुठेच नाही,
साखरपुडा मोडलेल्या माणसासारखी.
आणि खालच्या तिन्ही
उलट्या. खाडीकडे.
ज्या दिशेनं वारा येतो
त्याच दिशेला परत निघालेल्या.

असं कसं? मी विचारलं.
ती म्हणाली, उन्हाची सावली पडते तशी वाऱ्याचीही पडते,
रात्रीसुद्धा, आणि कितीतरी लांब.
समोरच्याला वळसा घालून आलेला वारा
त्याच्या पाठीशी भोवरा करून बसतो.
तुमची चक्की त्या भोवऱ्यात उभी आहे.
फिरते, पण कुणाचं ऐकून फिरावं ते तिला कळत नाही.

खांब उंच करू?
तिनं समोर मान वर करून पाहिलं, वर, अजून वर,
आणि हसू दाबलं.

खाली उतरलो तर गेटाशी
कुंदा मढवीची छत्री पालथी झालेली,
बांगड्यांवरचं ओलं फडकं रस्त्यापलीकडे.
टॉवर आणि आमची भिंत यांच्यातल्या बोळातून
सणसणत येत होता तो, काचेवरून घसरून, जमिनीला लागून.
"वारा त खाली आयलाय," कुंदाबाई म्हणाली,
"तुमी सगली वर काय बघताव?"
मिथिलानं यंत्र धरलं. गच्चीवर दोन होतं,
इथे आठ.
इथेच लावू या की!
नाही काका, ही बंबाची वाट.
आणि हा धक्क्याधक्क्यानं येतो, पाती मोडेल.

टॉवरवाल्यांनाही सुख नाही म्हणे.
बाविसाव्या मजल्यावर रात्रभर खिडक्या शिट्ट्या घालतात,
बाळ झोपत नाही कुणाचं.

सभेत ठराव झाला: चक्की भंगारात.
तुंगारे साहेबांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही,
चष्मा पुसत राहिले.
ऑडिटर म्हणाला, हे पान बंद करा.
मी या महिन्याचे चार युनिट लिहिले
आणि सवयीनं खाली लिहून बसलो:
शिल्लक पुढे.

हल्ली खुर्ची गेटाशी असते.
कुंदाबाईच्या छत्रीला एक केशरी चिंधी आहे,
कुणी बांधली ते ती सांगत नाही.
वही उघडली की ते पान आधी उठतं,
म्हणून ती तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन उचलते,
पदराला पुसते, आणि त्यावर ठेवते.
खवले चिकटतात. चिकटू देतो.